डिल्बर्टला काम आवडतं

डिल्बर्टचा, म्हणजे कॉमिक स्ट्रिपमधल्या त्या अमेरिकन इंजिनिअरचा, विषय निघाला की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "हां, तो येडपट बॉसवाला ना, आमच्याकडे पण अगदी सेम आहे एक." मग पुढचा अर्धा तास जो तो आपापल्या बॉसचे किस्से सांगतो, मी पण सांगते, आणि मजा येते हे काही खोटं नाही. पण त्याच्यावरची टीव्ही मालिका मी जसजशी परत परत बघत गेले तसतसं मला वाटायला लागलं की ती मुळात बॉसबद्दल नाहीच आहे. बॉस आहे, भरपूर आहे, त्याचे ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना टोकदार उभे राहिलेले केस आहेत, त्याला साधं नावसुद्धा दिलेलं नाही, सगळं आहे. पण गोष्ट त्याची नाही. गोष्ट आहे एका अशा माणसाची ज्याला आपलं काम मनापासून आवडतं, आणि ते काम करायला तो जिथे जातो तिथे ते सोडून बाकी सगळं त्याला करावं लागतं.

बहुतेकांना डिल्बर्ट माहिती असतो तो कॉमिक स्ट्रिपमुळे, तीन चौकटींचा, कुणाच्या तरी डेस्कपाशी पिनने टोचून ठेवलेला. त्याची टीव्हीवर ॲनिमेटेड मालिका झाली होती हे सांगितलं की बरेच जण "अरे, हो का?" म्हणतात. २५ जानेवारी १९९९ ला अमेरिकेत यूपीएन नावाच्या छोट्याशा नेटवर्कवर ती सुरू झाली आणि जुलै २००० मधे संपली, दोन सीझन, पहिला १३ भागांचा, दुसरा १७ चा, एकूण ३०, बस. मूळ स्ट्रिप काढणारे स्कॉट ॲडम्स आणि त्यांच्या जोडीला लॅरी चार्ल्स, म्हणजे साइनफेल्ड या गाजलेल्या विनोदी मालिकेच्या लेखकांपैकी एक, अशा दोघांनी मिळून ती उभी केली. डिल्बर्टला आवाज डॅनिअल स्टर्नचा, त्याच्या कुत्र्याला म्हणजे डॉगबर्टला क्रिस एलियटचा, आणि एचआरचा दुष्ट डायरेक्टर जो कॅटबर्ट नावाचा बोका आहे त्याला जेसन अलेक्झांडरचा. टायटल डिझाइनला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. सुरुवात तर अशी दणक्यात झाली की तोपर्यंत यूपीएनवर कुठल्याच कॉमेडीच्या पहिल्या भागाला तेवढे प्रेक्षक मिळाले नव्हते, आणि तरीही दीड वर्षात गाशा गुंडाळला.

मला स्ट्रिपपेक्षा मालिका जास्त आवडते आणि त्याचं कारण आहे. स्ट्रिप तिसऱ्या चौकटीत संपते. बॉस काहीतरी अचाट बोलला, डिल्बर्ट गप्प झाला, आपण हसलो, पान उलटलं. मालिकेत वीस-बावीस मिनिटं असतात, त्यामुळे त्या गप्प झालेल्या माणसाचं पुढे काय होतं ते दाखवावं लागतं. तो परत जागेवर जाऊन बसतो, घरी जातो, कुत्र्याशी बोलतो, आई त्याला काहीतरी सुनावते, रात्री विचार करत राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत ऑफिसला येतो. हे परत येणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याला फक्त पगाराशी मतलब आहे तो माणूस एवढा विचार करत बसत नाही.

पहिलाच भाग घ्या, "द नेम". कंपनीला नवीन प्रॉडक्ट काढायचंय, ते काय असेल हे अजून कुणालाच माहिती नाही, पण त्याचं नाव काय ठेवायचं हे आधी ठरलं पाहिजे. आणि हे काम डिल्बर्टच्या गळ्यात. सगळं होऊन शेवटी नाव निघतं ते ग्रंटमास्टर ६०००. ऐकायला हा विनोद वाटतो, पण मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे इतकी वर्षं काढल्यावर मला त्यात अतिशयोक्ती दिसतच नाही. आम्ही एका प्रोजेक्टवर होतो, त्याचे टी-शर्ट छापून आले, छातीवर मोठ्ठं नाव, खाली टॅगलाइन, ग्रुप फोटो झाला, आणि त्या दिवशी रिक्वायरमेंटचं डॉक्युमेंट अजून ड्राफ्टमधेच होतं, अर्ध्या ठिकाणी "ठरायचं आहे" असं लिहिलेलं. टेस्ट केसेस लिहायला बसले तर लिहू कशाच्या जिवावर? मी विचारलं तर उत्तर मिळालं की नाव झालंय ना, आता टीमला दिशा मिळाली. वाईट याचं वाटलं की ते उत्तर देणारा माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. डिल्बर्टमधला बॉस पण असाच आहे, तो दुष्ट नाही, त्याला काम कशाला म्हणतात हेच माहिती नाही, मीटिंग झाली म्हणजे काम झालं असं त्याला मनापासून वाटतं.

पहिला सीझन बराचसा त्या ग्रंटमास्टरच्या मागे फिरतो. आधी नाव, मग प्रोटोटाइप, मग कॉम्पिटिशन, चौथ्या भागात टेस्टिंग, पाचव्यात ते बनवायला एल्बोनिया नावाच्या चिखलात बुडालेल्या गरीब काल्पनिक देशात जाणं. म्हणजे ज्याला आपण प्रॉडक्टची लाइफ सायकल म्हणतो ती एकेक स्टेज धरून त्यांनी दाखवलीये. ऑफिसवरच्या बऱ्याच विनोदी मालिकांमधे कंपनी नक्की काय बनवते हे शेवटपर्यंत धड कळत नाही, सगळी धमाल डेस्कवर, कॉफी मशीनपाशी आणि लफड्यांमधे. इथे वस्तू मधोमध आहे. ती वाईट असेल, निरुपयोगी असेल, पण ती बनतेय, आणि ती बनताना कोण काय करतंय यावरून माणसं कळतात. हे ज्याने स्वतः इंजिनिअर लोकांबरोबर दिवस काढलेत त्यालाच सुचू शकतं.

आणि ॲडम्स यांनी काढले होतेच. आधी एका बँकेत, मग १९८६ पासून १९९५ पर्यंत कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीत. स्ट्रिप सुरू झाली १६ एप्रिल १९८९ ला, म्हणजे नोकरी चालूच होती, पहाटे उठून चित्रं काढायची आणि मग ऑफिसला जायचं असा क्रम. सुरुवातीला स्ट्रिपमधे ऑफिस फारसं नव्हतंच, डिल्बर्ट आणि त्याचा कुत्रा घरी बसून काहीबाही करायचे. १९९३ मधे त्यांनी चौकटींच्या मधे आपला ईमेल पत्ता छापायला सुरुवात केली, त्या काळात हे नवीनच होतं, आणि लोकांच्या मेल यायला लागल्या की आम्हाला ऑफिसमधलं जास्त आवडतं, आमच्याकडे काय झालं सांगू का. तिथून स्ट्रिप ऑफिसची झाली. म्हणजे हजारो अनोळखी लोकांनी आपापल्या क्युबिकलमधून, म्हणजे ऑफिसातल्या पार्टिशनच्या खोक्यातून, पाठवलेल्या तक्रारी त्यात आहेत, आणि मला वाटतं म्हणूनच दूरच्या वाचकालाही ती परकी वाटत नाही.

तो काळ पण लक्षात घ्यायला हवा. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्या "डाउनसायझिंग", म्हणजे नोकरकपात, करत होत्या, जानेवारी १९९६ मधे एकट्या एटी अँड टीने ४०,००० लोक कमी करणार असं जाहीर केलं होतं, आणि हे त्या घराण्यातलं नाव होतं जिथे एकदा चिकटलं की रिटायर होईपर्यंत बघायला नको असं लोक समजायचे. मालिकेत "लिटल पीपल" नावाचा भाग आहे, त्यात डिल्बर्टला कळतं की ऑफिसमधे बोटभर उंचीची माणसं लपून राहतायत, आणि ती म्हणजे डाउनसाइझ केलेले जुने कर्मचारी, खरोखरच आकाराने लहान झालेले. कल्पना तर भन्नाट आहेच, पण मला त्यातलं जे लागलं ते हे की ती माणसं ऑफिस सोडून गेलेली नाहीत. नोकरी गेली, तरी तिथेच आहेत, भिंतींच्या आड. ज्यांच्या टीममधून एका दुपारी चार-पाच जणांचे लॅपटॉप परत घेतले गेलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको, नंतर कित्येक दिवस त्यांची नावं कोडच्या कॉमेंटमधे आणि जुन्या बग रिपोर्टमधे दिसत राहतात.

क्युबिकलबद्दल पण थोडं सांगते, कारण डिल्बर्टचं जग म्हणजे क्युबिकल. ही गोष्ट रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या माणसाची. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी त्यांनी १९६८ मधे ॲक्शन ऑफिस नावाच्या ऑफिस फर्निचरची दुसरी आवृत्ती काढली, हलवता येतील अशी पार्टिशन्स, मोकळा कोन, प्रत्येकाला आपल्या कामाच्या पद्धतीप्रमाणे जागा मांडता यावी, उभं राहून काम करता यावं, थोडा खासगीपणा मिळावा असा सगळा विचार त्यामागे होता. कंपन्यांनी त्यातलं फक्त पार्टिशन उचललं, कोन काटकोन केला आणि कमी जागेत जास्तीत जास्त माणसं बसवली. प्रॉप्स्टना आपल्या कल्पनेचं हे जे झालं त्याचा शेवटपर्यंत त्रास होत राहिला, आणि २००० मधे, म्हणजे ही मालिका संपली त्याच वर्षी, ते गेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं की हा माणूसच डिल्बर्ट आहे. माणसांना मोकळं करायला काहीतरी मनापासून बनवलं, आणि ज्यांनी विकत घेतलं त्यांनी त्याचा कोंडवाडा केला.

आता "द नॅक" बद्दल. हा भाग नसता बघितला तरी त्यातला एक तुकडा इंजिनिअर लोकांमधे इतका फिरलाय की तुम्ही कुठेतरी बघितलाच असेल. लहानग्या डिल्बर्टला आई डॉक्टरकडे घेऊन येते. सांगते की मी क्षणभर पाठ फिरवली तर ह्याने टीव्ही, घड्याळ, स्टिरिओ सगळं उघडून ठेवलं. डॉक्टर म्हणतात, मुलं करतातच हो असं. ती म्हणते, काळजी त्याची नाही, पुढे त्याने त्या सगळ्या पार्टमधून हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच, बनवला. डॉक्टर गंभीर. मेंदूची तपासणी करायची तर मशीन बंद, आणि मग कळतं की ते पण पोराने दुरुस्त करून टाकलंय. डॉक्टर आईला बसवून हळुवारपणे सांगतात की ह्याला "नॅक" आहे, यंत्रांची उपजत समज आणि माणसांच्यात वावरायची अजिबात नाही. आई विचारते, हा चारचौघांसारखं जगू शकेल ना? नाही, हा इंजिनिअर होणार. आणि आई रडायला लागते.

हा तुकडा मी जेव्हा जेव्हा कुणाला दाखवते तेव्हा लोक हसतात, आणि ज्यांना ते नॅक आहे त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याबरोबर आणखी काहीतरी येतं. कारण त्यात एक फार खरी गोष्ट पकडलीये, की ही माणसं लहानपणापासून अशीच असतात, त्यांनी करिअर म्हणून हे निवडलेलं नसतं. बंद पडलेली वस्तू दिसली की त्यांच्याने राहवत नाही. त्याच भागात पुढे डिल्बर्ट चुकून बॉसच्या कपातून पितो आणि त्याचं नॅक जातं, एकदम मॅनेजमेंटच्या लायकीचा होतो, आणि त्याने केलेल्या घोळामुळे जग तंत्रज्ञानात शेकडो वर्षं मागे जातं. अतिशयोक्ती आहे, पण भीती खरी आहे. चांगल्या डेव्हलपरला लीड करतात, मग मॅनेजर करतात, आणि दोन-तीन वर्षांनी तो एखाद्या दिवशी कोड उघडतो तर हात चालत नाहीत. मी हे जवळून बघितलंय, त्या माणसाच्या चेहऱ्यावरची अस्वस्थता बघवत नाही. प्रमोशन झालं म्हणून सगळे अभिनंदन करत असतात आणि त्याचं काय गेलंय हे एकट्या त्यालाच माहिती असतं.

आणि इथून मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. डिल्बर्टच्या ऑफिसात तीन माणसं आहेत, अशोक, डिल्बर्ट आणि वॉली. अशोक इंटर्न, भारतातून आलेला, आयआयटीचा, हुशार, कंपनी खरंच योग्य तेच करेल यावर विश्वास ठेवणारा. डिल्बर्ट मधला, विश्वास उडालाय पण काम अजून नीट करावंसं वाटतं. आणि वॉली, हातात कायम कॉफीचा मग, ज्याने काम करणं पूर्ण सोडून दिलंय आणि काम न करता नोकरीत कसं टिकायचं यात ज्याचा हात कुणी धरू शकत नाही. मला वाटतं हे तीन वेगवेगळे लोक नाहीतच. एकच माणूस आहे, तीन वयातला. आपण सगळे अशोक म्हणून आत शिरतो, बरीच वर्षं डिल्बर्ट असतो, आणि पुढे वॉली व्हायचं की नाही हे पूर्णपणे आपल्या हातात नसतं.

वॉलीबद्दल ॲडम्स यांनी सांगितलेली गोष्ट माहितीये? पॅसिफिक बेलमधे त्यांचा एक सहकारी होता, ते ज्या अतिशय बुद्धिमान लोकांना भेटले त्यातला एक असं ते त्याच्याबद्दल म्हणायचे. कंपनीने स्कीम काढली की जे सगळ्यात खराब काम करणारे आहेत त्यांना भरपूर पैसे देऊन मोकळं करायचं. ह्या माणसाला ते पैसे हवे होते, मग त्याने आपली सगळी बुद्धी वापरून, मेहनत घेऊन, खराब काम करायला सुरुवात केली. तो वॉली. म्हणजे वॉली आळशी नाही आणि बिनडोक तर नाहीच नाही. त्याच्यासमोर जी व्यवस्था होती ती त्याने अचूक ओळखली आणि तिला जे हवं होतं ते तिला दिलं. हे कळल्यावर मी वॉलीचे सीन बघते तेव्हा मला पहिल्यासारखं मोकळं हसता येत नाही.

आमच्याकडे एक सिनियर होते. नाव नाही सांगत, कंपनीचं पण नाही. मी जॉइन झाले तेव्हा सगळ्यांनी मला सांगितलं की त्यांच्याकडे काही मागायला जाऊ नकोस, ते काही करत नाहीत. खरंच करायचे नाहीत. सकाळी यायचे, मेल बघायचे, चहा, पेपरमधलं कोडं, मीटिंगमधे कॅमेरा बंद, म्यूटवर. एकदा महिनाअखेरीची बॅच, म्हणजे सिस्टिममधे एकामागून एक आपोआप चालणारी कामं, रात्री फेल झाली आणि मॉनिटरिंगवर मी होते, डेव्हलपमेंटची नवीन मुलं लॉग, म्हणजे सिस्टिमने केलेल्या नोंदी, वरून खाली वाचत होती, हजारो ओळी. कुणीतरी शेवटचा उपाय म्हणून त्यांना फोन केला आणि ते आले, घरच्या चपला घालून. त्यांनी खुर्ची ओढली, लॉगच्या तळाशी गेले आणि माउस बाजूला सारून ॲरो-की ने एकेक ओळ वर चढायला लागले, ओठ हलत होते, मधेच थांबून एका ओळीवर बोट ठेवलं, एका तारखेच्या फील्डवर, आणि म्हणाले, "हे माझंच आहे. हे मी बदलायला सांगितलं होतं." काही मिनिटांत त्यांनी तो रेकॉर्ड बाजूला काढला, बॅच परत लावली आणि ती शेवटपर्यंत गेली.

नंतर त्यांनी मला ड्रॉवरमधून एक स्पायरल बाइंडिंग काढून दाखवलं, अख्ख्या सिस्टिमचं नवीन डिझाइन, प्रत्येक पानावर त्यांच्या बारीक अक्षरातल्या नोट्स, बाणाच्या खुणा, एका डायग्रामवर पेन्सिलने खोडून परत काढलेला बॉक्स. कित्येक वर्षांपूर्वी केलं होतं. बजेट नाही म्हणून ठेवून दिलं, पुढच्या वर्षी परत मांडलं, परत तेच, मग मॅनेजर बदलला, नव्या मॅनेजरने ते वाचलंच नाही. ते हे सगळं कुठलाही राग न दाखवता सांगत होते. पानं उलटताना ती दुमडू नयेत म्हणून किती जपत होते ते मात्र मी बघितलं. त्यानंतर माझ्यासमोर कुणी त्यांना कामचोर म्हटलं की मी गप्प बसू शकले नाही.

अशोकबद्दल बोलल्याशिवाय पण राहवत नाही, कारण भारतात बसून ही मालिका बघताना तो आपला माणूस म्हणून समोर येतो. त्याला आवाज दिलाय टॉम केनीने, तोच जो त्याच १९९९ मधे स्पंजबॉब या कार्टूनचाही आवाज झाला. एका गोऱ्या अमेरिकन नटाने काढलेला भारतीय उच्चार मला कानाला टोचतो, तेव्हाही टोचला आणि आता जास्तच. पण पात्र म्हणून अशोकवर कुणी हलक्या नजरेने लिहिलेलं नाही हेही खरं, तो त्या ऑफिसमधल्या सगळ्यात बुद्धिमान लोकांपैकी आहे आणि त्याच्याकडून सगळ्यात फालतू कामं करून घेतली जातात, आणि परदेशी ऑफिसात नव्याने गेलेल्या आपल्या कितीतरी मुलामुलींचा अनुभव याहून वेगळा नाही. एल्बोनियाचं मात्र मला कायम अवघड वाटत आलंय. स्वस्तात काम करून घ्यायला जो लांबचा, मागास, चिखलातला देश लागतो तो म्हणजे एल्बोनिया, आणि कॉलच्या ह्या टोकाला बसून मी ते बघते तेव्हा मला माहिती असतं की त्यांच्या कुणाच्या तरी मनातल्या नकाशावर आपण तिथेच आहोत. वाय-टू-के, म्हणजे २००० साल लागताच कॉम्प्युटर तारखांमधे गोंधळतील ही अडचण, तिच्यावर पण एक भाग आहे, त्यांच्याकडे ती जग बुडायची भीती होती, आणि तेच काम घेऊन आपल्याकडच्या कितीतरी सॉफ्टवेअर कंपन्या मोठ्या झाल्या. तेव्हा ह्या मालिकेतलं सगळंच मी डिल्बर्टच्या खुर्चीतून बघू शकत नाही, काही भाग मला समोरच्या बाजूने बघावे लागतात, आणि ते तसेच बघायला हवेत.

डिल्बर्टवर एक जुना आक्षेप आहे. नॉर्मन सोलोमन यांनी १९९७ मधे अख्खं पुस्तकच लिहिलं, त्यांचं म्हणणं असं की डिल्बर्ट बॉसला हसतो पण मालकाला कधी हात लावत नाही, उलट मोठ्या कंपन्याच त्याची चित्रं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी वापरतात, म्हणजे हसून वाफ निघून जाते आणि सगळं आहे तसंच चालू राहतं. ह्यात तथ्य आहे आणि मी ते नाकारत नाही. पण मला वाटतं सोलोमन डिल्बर्टकडून जी लढाई मागतात ती डिल्बर्टची नाहीच. तो युनियनचा माणूस नाही, तो कारागीर आहे. त्याची मागणी पगाराची नाही, हे मला नीट बनवू द्या एवढीच आहे, आणि ही मागणी छोटी आहे असं मला कधीच वाटलं नाही.

दुसरी गोष्ट खुद्द ॲडम्स यांची. फेब्रुवारी २०२३ मधे आपल्या ऑनलाइन कार्यक्रमात ते कृष्णवर्णीय अमेरिकनांबद्दल जे बोलले ते सरळसरळ वंशद्वेषी होतं, त्यानंतर अमेरिकेतल्या शेकडो वर्तमानपत्रांनी स्ट्रिप बंद केली आणि वितरण करणाऱ्या कंपनीनेही संबंध तोडले. योग्य केलं असं माझं मत आहे. मला त्याचा त्रास झाला, कारण ज्याने माणसाच्या कामाची किंमत इतकी बारकाईने ओळखली त्याला माणसाची ओळखता आली नाही. मालिका मी तरीही बघते. ती बऱ्याच लेखकांनी, चित्रकारांनी, आवाज देणाऱ्यांनी मिळून केलेली आहे, आणि त्यात जे खरं आहे ते त्यांचंही आहे.

शेवटी टेस्टिंग, माझा प्रांत. चौथ्या भागात कंपनीचा टेस्टर येतो, बॉब बास्टर्ड असं त्याचं नावच आहे, आणि त्याला चक्क खलनायक केलंय, ग्रंटमास्टरची वाट लावायला टपलेला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला राग आला, कारण डेव्हलपर लोक आमच्याकडे असंच बघतात, की ह्या लोकांना आमचं पोर पाडूनच आनंद होतो. अहो, आम्ही तोडतो कारण ते बाहेर कुणाच्या तरी हातात तुटू नये म्हणून. एखादा बग "क्रिटिकल" म्हणून टाकायचा, तो "नोन इश्यू" म्हणून पुढे ढकलला जाताना बघायचं, परत उघडायचा, परत भांडायचं, हे माया असल्याशिवाय कुणी रोज करत नाही.

पण तेरावा भाग, "द इन्फोमर्शियल", पहिल्या सीझनचा शेवट, तो बघितल्यावर माझा राग गेला. ग्रंटमास्टर लॅबमधे नीट टेस्ट न करताच टेक्सासमधल्या एका कुटुंबाकडे वापरायला पाठवून देतात. ते लोक ते भलतंच वापरतात, त्यातून कृष्णविवर तयार होतं, आणि डिल्बर्ट त्यात खेचला जातो. आणि मग तो एकदम मागे येतो, जिथे अजून काहीच बाहेर गेलेलं नाही तिथे. ह्या वेळी तो काय करतो? भाषण देत नाही, राजीनामा देत नाही, बॉसला पटवत पण नाही. सरळ जाऊन लॅबला कुलूप लावतो, प्रोटोटाइप आत, कुणी बाहेर न्यायचा नाही. ज्या वस्तूमागे त्याचं अख्खं वर्ष गेलंय ती वस्तू तो स्वतः अडवतो. मला वाटतं संपूर्ण मालिकेत त्याचं आपल्या कामावरचं प्रेम इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

आमच्यात रिलीजच्या आधी गो / नो-गो कॉल असतो, प्रत्येकाने आपापलं मत सांगायचं. बहुतेक वेळा ती नुसती पद्धत असते, एकेक जण "गो" म्हणत जातो कारण तारीख क्लायंटला आधीच कळवलेली असते. असाच एक कॉल होता, पेमेंटच्या मॉड्यूलमधे माझे दोन बग उघडे होते, मी "नो-गो" म्हटलं आणि लगेच मला समजवायला सुरुवात झाली, की हे क्वचितच होईल, पुढच्या पॅचमधे बघू, एवढ्यासाठी थांबायचं का. पाच-सहा आवाज एकीकडे आणि मी एकटी. तेवढ्यात कधी नव्हे ते त्या सिनियरांचा माइक अनम्यूट झाला. ते म्हणाले, "ती बरोबर सांगतेय. तो राउंडिंगचा प्रॉब्लेम क्वचित नाही येणार, महिनाअखेरीला दर वेळी येणार. माझं पण नो-गो." पलीकडून विचारलं गेलं की तुम्ही हे मॉड्यूल बघितलंय का, तर म्हणाले, "काल रात्री बसून बघितलं." रिलीज पुढच्या आठवड्यावर गेली, आणि त्या राउंडिंगच्या फिक्सचं कोड रिव्ह्यू त्यांनी स्वतः मागून घेतलं.